आकाशातले गायरान

सौसरला माझ्या मामांच्या घराशेजारच्या पटांगणात एके वर्षी मीना बाजार उतरला, तेव्हा त्यातला डॅशिंग कारचा मांडव आणि मामांच्या ओसरीवरचा ट्रान्झिस्टर यांच्यात वैर उत्पन्न होईल, अशी शंका येण्याचे कोणाला काहीच कारण नव्हते. आम्ही मुले बोरगावहून सुटीसाठी तेथे गेलो होतो. नागपूर केंद्रावरून बातम्या लागण्याची वेळ आणि मांडवातल्या गाड्या सुरू होण्याची वेळ दुर्दैवाने एकच होती. त्यामुळे निवेदकाने नमस्कार म्हणावा आणि त्याच क्षणी, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा खर्रर्र असा ध्वनी उठून पुढचे सगळे वृत्त त्यात वाहून जावे, हा क्रम पंधरा दिवस अव्याहत चालला. मामा ट्रान्झिस्टर आडवा धरीत, उभा धरीत, परसात नेत, आणि शेवटी बाजारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो कोनाड्यात ठेवून देत. आम्ही मात्र मांडवाच्या छताकडे डोळे लावून उभे असू. कारण प्रत्येक गाडीच्या पाठीमागून वर गेलेला दांडा छताच्या लोखंडी जाळीला घासत जाई, आणि जेथे जाळीचा जोड येई तेथे एक निळी ठिणगी लखकन उडे. ती ठिणगी आणि ओसरीवरची ती खरखर ही दोन नसून एकच आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

विजेचा प्रवाह एकाएकी तुटला वा एकाएकी जुळला, की त्या धक्क्याचे तरंग आकाशात सर्व दिशांना पसरतात. हाइनरिख हर्ट्झने १८८७ च्या सुमारास जर्मनीत बिनतारी लहरींचे अस्तित्व सिद्ध केले ते अशाच ठिणगीच्या साह्याने. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात दूरवरची घंटा वाजवून दाखविली तीही ठिणगीतून निघालेल्या लहरींनी. आणि १९१२ साली टायटॅनिकवरून मदतीसाठी जो टाहो फुटला तोही ठिणगीच्याच यंत्रातून. पण ठिणगीला विवेक नसतो. गवई एक स्वर लावतो, तर ठिणगी पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकदम दाबते. म्हणून पुढे आंतरराष्ट्रीय करारांनी ठिणगीची प्रक्षेपणयंत्रे क्रमाक्रमाने निकालात काढण्यात आली. डॅशिंग कारचा मांडव म्हणजे अशा निकालात निघालेल्या यंत्रांचे एक गुप्त पुनरुज्जीवन होते. त्यातून मध्यमलहरींच्या कार्यक्रमांत आवाजाचा चढउतार लहरीच्या उंचीवर कोरलेला असतो. ठिणगीही नेमकी त्या उंचीवरच आघात करते, आणि बिचाऱ्या ग्राहकयंत्राला बातमी कोणती व ठिणगी कोणती याचा उमज पडत नाही.

यातला विनोद असा, की त्या काळी नुसता रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा सरकारी परवाना लागे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्या अंमलात घरोघरचा ट्रान्झिस्टर येत असे. पोस्टात जाऊन वार्षिक शुल्क भरावयाचे आणि लायसनच्या पुस्तकावर तिकिटे चिकटवून घ्यावयाची, हा रिवाज ऐंशीच्या दशकात संपला. मामांचे पुस्तक त्याच कोनाड्यात असे. म्हणजे जो मुकाट्याने ऐकत होता त्याच्यापाशी सनद होती, आणि जो पंचक्रोशीभर ओरडत होता त्याला कोणी हटकत नव्हते.

आमच्या बोरगावात करमणुकीचे मोठे उद्यान नाही. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर कारखान्यांची वसाहत आहे, कापडाची गिरणी आहे, आणि वसाहतीची हद्द संपली की संत्र्याचे बगीचे लागतात. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, नंतर ती भोपाळ झाली, आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन सौसर तालुका त्यात गेला. पण १९४८ साली सुरू झालेले नागपूरचे आकाशवाणी केंद्र आमच्या घरांतून या कोणत्याही फेरफारामुळे हटले नाही, कारण लहरींना सीमेवरच्या नाक्याशी कर्तव्य नसते. पोरांना पाळण्यात बसवावयाचे तर यात्रा गाठावी, नाहीतर नागपूरकडे जावे. आणि हौस फारच असेल तर थेट मुंबई. मुंबईला गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले, तेव्हा बोरिवलीहून खाडीच्या होडीने तेथे जाणे हाच अर्धा उत्सव होता. ते उद्यान आता बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. योगायोग पाहा, की केंद्र सरकारचे, आकाशातल्या लहरींवर कान ठेवून बसणारे आंतरराष्ट्रीय बिनतारी देखरेख केंद्र मुंबईत ज्या रस्त्यावर आहे तो रस्ताही बोरिवलीचा गोराई रोडच. होडी पकडण्यासाठी त्या बाजूने किती पोरे उड्या मारीत गेली असतील. पण आपल्या किंकाळ्या हवेतून जेवढ्या दूर जातात त्याहून फार दूरची कुजबुज टिपणारी माणसे येथे बसली आहेत, याचा पत्ता त्यांतल्या किती जणांना असेल?

आजच्या उद्यानातली कुजबुज मीना बाजाराच्या ठिणगीपेक्षा पुष्कळ सभ्य असली तरी प्रमाणाने प्रचंड असते. प्रवेशद्वारावर मनगटाचा पट्टा यंत्राला टेकवला की दार उघडते; फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या उद्यानांनी २०१३ पासून जो पट्टा दिला त्यात एक स्पर्शाने बोलणारी आणि दुसरी काही अंतरावरून बोलणारी, अशा दोन बिनतारी जिभा होत्या. कर्मचाऱ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी, नटांच्या अंगरख्यात माइक, दिव्यांना बिनतारी हुकूम, वडापावच्या दुकानात कार्डाचे यंत्र, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आलेल्या हजारो पाहुण्यांच्या खिशांतले, सतत कोणाला तरी साद घालीत असलेले मोबाइल. रविवारच्या आठवडी बाजारात प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकू जावे म्हणून आवाज चढवतो आणि परिणामी कोणालाच काही ऐकू जात नाही, तसा प्रकार.

अशा कोलाहलात मनुष्याच्या मनात पहिली भीती येते ती साहजिक आहे. एखाद्याने मोबाइल लावला आणि तेवढ्याने उलट्या लटकलेल्या गाडीचा अडसर उघडला तर? मला स्वतःला ही भीती वर्षानुवर्षे होती, आणि पाळण्यात बसताना शेजाऱ्याच्या फोनकडे मी संशयाने पाहत असे, हे कबूल करावयास हरकत नाही. पण रोलर कोस्टरची रचना समजून घेतल्यावर ही भीती पांढुर्ण्याच्या फलाटावर उभे राहून घालविता येण्यासारखी आहे असे मला आढळले. नागपूर-इटारसी मार्गावर पुढचा टप्पा मोकळा झाल्यावाचून मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही, हे त्या फलाटावरच्या हमालालाही ठाऊक असते. रोलर कोस्टरचा रूळ याच न्यायाने टप्प्याटप्प्यांत तोडलेला असतो. एका टप्प्यात एकच गाडी. आणि टप्पा रिकामा आहे की नाही हे रुळाशेजारी बसविलेली संवेदके पक्क्या तारेने नियंत्रण-संगणकास कळवितात. बहुतेक ठिकाणी ब्रेक मिटण्यासाठी कोणाच्या आज्ञेची गरज नसते, उघडण्यासाठी असते. दाबलेली हवा त्यांना उघडे धरते, आणि वीज गेली, हवा गेली, वा संगणक मूढ झाला, की ते आपोआप मिटतात. मांडीवरचा अडसर दात्यांनी वा तेलाच्या दाबाने यांत्रिक रीतीने अडकलेला असतो आणि स्थानकात परत आल्यावरच मोकळा होतो. बहुतेक गाड्यांत तो उघडण्याइतकी वीजसुद्धा नसते. मग बिचारी लहर आज्ञा देणार कोणाला?

तारेने जे साधते ते तारेवरच सोपवावे, हा या धंद्यातला जुना आणि शहाणा संकेत. मात्र काही ठिकाणी तार पोहोचतच नाही. टोकियो डिस्नेलँडमध्ये २००० साली मधाच्या बुधल्यांच्या आकाराच्या ज्या गाड्या सुरू झाल्या त्यांना रूळच नाहीत. त्या फरशीवर गिरक्या घेत, एकमेकींना हुलकावणी देत, संगणकाच्या इशाऱ्याने फिरतात. अशा गाडीच्या मागे तार ओढत नेली तर पहिल्या गिरकीतच तिचा गुंता व्हावयाचा. म्हणून बिनतारी संवादावाचून गत्यंतर नाही. येथे अभियंत्यांनी जी युक्ती योजली ती मला सरकारी दप्तरातल्या हजेरीपटासारखी वाटते. मध्यवर्ती संगणक आणि गाडी ही एका सेकंदात अनेक वेळा परस्परांची हजेरी घेतात. "हजर?" "हजर." या उत्तराला थोडा विलंब झाला, उत्तर अर्धवट आले वा आलेच नाही, की दोघांपैकी कोणीही कारण विचारीत बसत नाही, गाडी थांबते. कारखान्यातल्या दूरनियंत्रित क्रेनला हाच दंडक लागू असतो, आणि चालकाच्या हातातल्या पेटीचा आवाज हरवल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात क्रेन जागच्या जागी थिजते. व्यवहारात मौन म्हणजे संमती, असे आपण समजतो. येथे मौनाचा अर्थ नकार असा पक्का करून ठेवला आहे.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. उत्तम रीतीने बांधलेल्या उद्यानात लहरींच्या व्यत्ययाने जीव जात नाही. खेळ बंद पडतो. पण खेळ बंद पडणे हीही फुकटची गोष्ट नव्हे. उन्हात ताटकळणारी रांग, मध्येच अडकलेले आजीआजोबा, त्यांना शिडीने उतरविणारे कर्मचारी, आणि दिवसातून चौथ्यांदा हाच प्रकार झाल्यावर, "हा अलार्म उगीच वाजतो, काढून टाका," असे म्हणणारा एखादा अधीर व्यवस्थापक. माझ्या मते खरे भय या व्यवस्थापकाचे आहे. लहर फार तर गाडी थांबवील. थांबविणाऱ्या यंत्राचेच तोंड बांधण्याचे सामर्थ्य माणसाकडेच असते.

व्यत्यय तरी इतका का यावा? याचे एक कारण फारच गमतीचे आहे, आणि ते म्हणजे आपण स्वतः. बिनवायरीची जी सामान्य यंत्रे २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, त्यांची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभरापेक्षाही आखूड असते, आणि ओल्या वस्तूंत ती चटकन शोषली जाते. मनुष्यदेह हा तर बव्हंशी पाण्याचाच घडा. अभियंता पहाटे रिकाम्या उद्यानात फिरून यंत्रांची परीक्षा घेतो तेव्हा सर्व काही स्फटिकासारखे स्वच्छ ऐकू येते; दुपारी हजारो घडे मध्ये येऊन उभे राहिले की तोच संदेश पलीकडे क्षीण होऊन पोहोचतो. शिवाय चहूकडे पोलादी खांब. सरळ आलेली लहर आणि खांबावर आपटून आलेली लहर यांची कोठे गाठ पडून बेरीज होते, कोठे वजाबाकी. दोन्ही जागांमध्ये कधीकधी चार बोटांचेच अंतर असते. वॉकीटॉकीवर बोलणारा रखवालदार नकळत एक पाऊल मागे सरकतो आणि म्हणतो, "हां, आता बोला," तेव्हा त्याने भौतिकशास्त्रातला एक प्रयोगच केलेला असतो. खाणींतून आणि बोगद्यांतून या संकटावर एक तोड काढलेली आहे: जिच्या आवरणाला मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात अशी गळकी तार मार्गाच्या कडेने अंथरतात, आणि शेताच्या पाटातून पाणी झिरपावे तशी तिच्यातून लहर लांबीभर झिरपत राहते. ग्राहक तारेपासून हातभर अंतरावर असला, की गर्दीचा व खांबांचा जुलूम उरत नाही.

दुसरे कारण मालकीचे आहे. ते सांगण्यासाठी मला पटवाऱ्याच्या दप्तराचा आधार घ्यावा लागतो. आकाशवाणी, पोलीस, विमानतळ, मोबाइल कंपन्या यांना कंप्रतांचे जे पट्टे मिळालेले आहेत ते खातेदाराच्या शेतासारखे: खसऱ्यात नोंद झालेले, चतुःसीमा ठरलेले, आणि कोणी बांध कोरला तर दाद मागता येण्यासारखे. ही नोंद ठेवण्याचे काम दिल्लीतला, १९५२ साली स्थापन झालेला बिनतारी नियोजन व समन्वय विभाग करतो. पण गावाला जसे गायरान असते, तसे आकाशालाही आहे. २००५ साली भारत सरकारने २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा, एका वॉटच्या मर्यादेत, परवान्यावाचून सर्वांना खुला केला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा वस्तूंवरच्या ओळखचिठ्ठ्या वाचणाऱ्या यंत्रांसाठी मोकळा झाला. २०१८ साली लहान वॉकीटॉकींसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा अरुंद तुकडा मिळाला. गायरानात सर्वांची गुरे चरतात. वायफाय तेथे, ब्लूटूथ तेथे, आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच कुरणात शिंगे घासते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीला वर्षानुवर्षे जे गूढ संकेत ऐकू येत होते, ते भट्टी थांबण्यापूर्वीच घाईने दार उघडण्याच्या सवयीमुळे निघत होते, असे २०१५ साली सिद्ध झाले. ज्योतिर्विदांनाही भूक लागते! आपल्याकडे नारायणगावजवळ खोडद येथे तीस मोठ्या तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभारली, तिच्यासाठी ती जागा निवडण्यामागे शहरांच्या लहरी-कल्लोळापासून दूर जाणे हा एक हेतू होता.

गर्दीच्या कुरणात निभावण्याचा एक उपाय म्हणजे एका जागी न थांबणे. ब्लूटूथ एका सेकंदात सोळाशे वेळा आपली जागा बदलते; एका जागी धक्का बसला तरी दुसऱ्या जागी शब्द पोहोचतो. या युक्तीचे एक जुने रूप हेडी लामार या चित्रपट-अभिनेत्रीने जॉर्ज अँथाइल या संगीतकारासह योजून १९४२ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले होते. आणि त्यात उड्या मारण्यासाठी अठ्ठ्याऐंशी जागा होत्या, पियानोला जितक्या पट्ट्या तितक्या.

सगळ्याच यंत्रांना ही चपळाई परवडत नाही, याचा अनुभव मी आमच्याकडच्याच एका यात्रेत घेतला. गावाचे नाव सांगत नाही. एका मांडवात हरिकीर्तन रंगात आले होते आणि पलीकडे मौत का कुआँचा पुकारा चालू होता; दोघांच्याही हातात एकाच तऱ्हेचे, स्वस्तातले, बिनवायरीचे माइक. बुवांनी अभंगाचा चरण संपवून, खोकला आला म्हणून, माइकचे बटण बंद केले मात्र, आणि त्यांच्याच कर्ण्यातून दणदणीत आवाज आला, "आइए, आइए, मौत को देखिए, सिर्फ बीस रुपये में!" श्रोत्यांत हशा पिकला. या प्रकारच्या माइकचा ग्राहक दोन आवाजांपैकी जो प्रबळ तोच उचलतो आणि दुर्बळाला संपूर्ण दाबून टाकतो. बुवांचा माइक चालू होता तोपर्यंत जवळपणामुळे तो प्रबळ होता, आणि तो बंद होताच त्याच कंप्रतेवर पलीकडून येणाऱ्या पुकाऱ्याला गादी मोकळी सापडली. बुवा मुरलेले होते. विषय अनायासे मृत्यूचाच होता, तेव्हा त्यांनी त्यावरच पुढचे निरूपण लावले.

कधीकधी व्यत्यय उलट दिशेनेही जातो, म्हणजे खेळच लहरींच्या जगात गोंधळ माजवितो. २०२२ साली बाजारात आलेल्या आयफोनमध्ये मोटारीचा अपघात ओळखून मदतीसाठी आपण होऊन फोन लावण्याची सोय होती. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात किंग्ज आयलंड नावाचे उद्यान आहे. तेथल्या रोलर कोस्टरचे हिसके त्या फोनला अपघातासारखेच भासले, आणि मालक वर आनंदाने किंचाळत असताना खिशातल्या फोनने आपत्कालीन कक्षाला मालक अपघातात सापडल्याची वर्दी दिली. मागे किंकाळ्यांचा आवाज होताच, त्यामुळे वर्दी खोटी मानण्यास कक्षातल्या माणसाला काही आधार नव्हता. असे निदान सहा फोन आले असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. पोलिसांना धावाधाव करावी लागली. ज्याला खरीच मदत हवी होती असा एखादा त्या वेळी ताटकळला असेल तर त्याचा हिशोब कोणी मांडला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार असते, जाम सांवळीला हनुमान जयंतीची गर्दी लोटते. आणि पोलिसांच्या बिनतारी यंत्रावर त्या दिवशी किती भार असतो, हे आपण पाहतो. अशा वेळी कोणी हौशी मंडळी संकेतस्थळावरून मागविलेले, कोणत्याही पट्ट्यावर लावता येणारे बिनपरवान्याचे वॉकीटॉकी घेऊन स्वयंसेवकगिरी करू लागली, तर ती दुसऱ्याच्या नोंदलेल्या शेतातून बैलगाडी हाकीत असतात; खाजगी माणसाने जॅमर लावणे तर सरळसरळ बेकायदा आहे. खुल्या पट्ट्याचे मात्र एक कलम विसरता येत नाही. तेथे वावरणाऱ्या यंत्राने दुसऱ्याला व्यत्यय आणू नये, दुसऱ्याकडून झालेल्या व्यत्ययाबद्दल संरक्षण मागू नये, आणि जागा आपल्या एकट्याची समजू नये, असे नियमांतच लिहिलेले आहे. म्हणजे गायरानातल्या तक्रारीला कचेरी नाही. आपसांतच मिटवावे लागते. तेव्हा आमच्या भागातल्या यात्रा कमिट्यांना एवढीच विनंती, की मांडववाल्यांकडून पट्टी वसूल करताना प्रत्येकाचा माइक कोणत्या चॅनेलवर आहे, ते त्याच वहीत, नावापुढे, लिहून घ्यावे.